टोनिंग शूज घालून नुसतं चाललं तर स्नायू खरंच घट्ट होतात का?

चकोरी
मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. माझ्या नणंदेने तिचे टोनिंग शूज मला दिलेत. तिला ते घट्ट व्हायला लागले, त्यामुळे जवळजवळ कोरेच आहेत. तळ चांगला जाड, आणि पुढून-मागून गोल. टेबलावर ठेवून टाचेकडे बोटाने दाबलं की बूट डुलतो आणि परत जागेवर येतो. खोक्यावर लिहिलंय की हे घालून रोजचं चालणं केलं तरी पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांचे स्नायू घट्ट होतात, कॅलरी जास्त जळतात, पाठ सरळ राहते.

माझं काम बैठं आहे. सकाळी चालायला जाते, त्यापलीकडे व्यायाम होत नाही. त्याच चालण्यातून जास्त काही पदरात पडणार असेल तर मला हवंच आहे. पण हे इतकं सोपं असेल तर सगळं जग हेच बूट घालून का फिरत नाही? कुणी नियमित वापरलेत का? जाहिरातीच्या पलीकडचं सांगा.

दवबिंदू
मलाही हवी आहे ही माहिती. बहिणीने घेतलेत, ती त्यात एकदम उंच दिसते, एवढा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय :)

वाटसरू
चकोरी, या बुटांवर अमेरिकेत मोठं प्रकरण झालं होतं, तिथून सुरुवात करू.

रिबॉकने २००९ मध्ये इझीटोन आणले. तळाखाली टाचेला आणि चवड्याला हवेचे फुगीर कप्पे, म्हणजे पाऊल सतत किंचित अस्थिर. जाहिरातीत आकडे अगदी ठाम होते: साध्या बुटांच्या तुलनेत नितंबांचे स्नायू २८ टक्के जास्त, मांडीच्या मागचे आणि पोटरीचे ११-११ टक्के जास्त काम करतात, घट्ट होतात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, आधार मागितला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने ग्राहकांना परतावा देण्यासाठी अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्या २८ टक्क्यांच्या मुळाशी असलेला प्रयोग जेमतेम पाच बायकांवर केलेला होता, आणि तोही ट्रेडमिलवर काहीशे पावलं चालण्यापुरता.

मे २०१२ मध्ये स्केचर्सची पाळी आली. शेप-अप्स आणि त्यांच्या भावंड बुटांसाठी रक्कम होती चार कोटी डॉलर. त्यांच्या जाहिरातीत एका कायरोप्रॅक्टरने (मणका आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारा) स्वतंत्र अभ्यास केल्याचं सांगून बुटांची शिफारस केली होती. कमिशनचं म्हणणं असं की त्याची बायको त्याच कंपनीच्या मार्केटिंगमध्ये अधिकारी होती आणि ही गोष्ट कुठेच सांगितलेली नव्हती. मला पैशाच्या रकमेपेक्षा ही लपवाछपवी जास्त गंभीर वाटते. लोक तब्येतीसाठी विश्वास टाकतात.

टिवल्याबावल्या
२०११ च्या सुपर बोलमधली (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) स्केचर्सची जाहिरात आठवतेय का कुणाला? किम कार्दाशियन आपल्या देखण्या ट्रेनरशी नातं तोडते, कारण आता तिला हे बूट मिळालेत. पुढच्या वर्षीचा निकाल वाचून त्या ट्रेनरने पेढे वाटले असतील.

गुलबक्षी
माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. मी असे बूट बराच काळ वापरले. सुरुवातीला पोटऱ्या अशा भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. नंतर ते थांबलं, पाय हलके वाटायला लागले, कंबरदुखी कमी झाली. माझ्या पायात खरोखर फरक पडलाय आणि तो घरच्यांनाही दिसलाय. परदेशातल्या कुणी दंड भरला म्हणून माझ्या पायांना जे जाणवलं ते खोटं ठरत नाही.

वाटसरू
गुलबक्षी, खोटं कोण म्हणतंय? फरक बुटांमुळे पडला की चालण्यामुळे, एवढंच विचारायचंय. बूट घेण्याआधीही इतकंच चालत होता का?

गुलबक्षी
नाही, आधी अधूनमधून. बूट घेतल्यावर नियमित आणि लांबवर जायला लागले. पण बुटांमुळेच गेले ना?

शंखपुष्पी
गुलबक्षीताईंचा मुद्दा मला पटतो. ज्या वस्तूमुळे माणूस घराबाहेर पडतो तिला थोडं श्रेय द्यायला हवं.

वाटसरू
जरूर द्या. पण ते काम कुठलेही आवडीचे बूट करतील. आणि खोक्यावर 'हे बूट पाहून तुम्हाला चालावंसं वाटेल' असं लिहिलेलं नव्हतं. स्नायू अमुक टक्के जास्त काम करतील असं लिहिलं होतं. तपासायला हवा तो दावा.

पायतपासनीस
मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या लोकांनी विचारलाय की जरा सविस्तर लिहिते.

आधी अभ्यासाबद्दल. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २०१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांकडून चाचणी करून घेतली. स्केचर्स, एमबीटी आणि रिबॉक या तिघांचे टोनिंग शूज, आणि तुलनेला साधे धावण्याचे बूट. एका चाचणीत १२ तरुणी ट्रेडमिलवर सपाटीला आणि चढावर चालल्या; त्यांचा प्राणवायूचा वापर, हृदयाचे ठोके, जळलेल्या कॅलरी मोजल्या. दुसऱ्या चाचणीत आणखी १२ जणी. त्यांच्या पोटरी, मांडीची पुढची आणि मागची बाजू, नितंब, पाठ आणि पोट अशा सहा ठिकाणच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ते किती काम करतात ते नोंदवलं. साध्या बुटांपेक्षा टोनिंग शूजमध्ये यातलं काहीही लक्षणीय वाढलं नाही. गट लहान होता हे खरं, पण ज्या जाहिरातीचा पाया पाच जणींचा होता तिच्यापेक्षा ही तुलना कितीतरी नीटनेटकी होती.

आता त्याहून महत्त्वाचं. समजा एखाद्या प्रयोगात इलेक्ट्रोडवर स्नायूची हालचाल खरंच थोडी जास्त दिसली, तरी त्याचा अर्थ स्नायू बळकट होईल असा होत नाही. लोक इथेच गफलत करतात. स्नायू वाढतो किंवा घट्ट होतो तो त्याच्यावर त्याच्या कुवतीच्या जवळ जाणारा भार पडला, आणि तो भार हळूहळू वाढत गेला तर. निरोगी माणूस सपाटीवर चालतो तेव्हा नितंबांचा मोठा स्नायू त्याच्या ताकदीचा फार थोडा भाग वापरतो. त्या थोड्याशात आणखी थोडी भर पडली तरी थोडंच राहतं. होडीत उभं राहिलं की आपले पाय लटपटतात, स्नायू काम करत असतात; पण म्हणून होडीतून रोज ये-जा करणारा प्रवासी पैलवान होत नाही. काही दिवसांत त्याचं शरीर ते हेलकावे ओळखायला लागतं आणि लटपटही थांबते.

गुलबक्षीताई, तुमच्या पोटऱ्या भरून येत होत्या ते अगदी खरं. या बुटांत टाच मऊ, खाली दबणारी असते, त्यामुळे पोटरी नेहमीपेक्षा जास्त ताणली जाते. सवय नसलेल्या ताणाने स्नायू दुखतो. सवय झाली की दुखणं थांबतं, आणि बरेचदा तिथेच त्या बुटाचा 'व्यायाम' संपलेला असतो.

टिवल्याबावल्या
म्हणजे 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हे आमच्या पी.टी.च्या सरांचं वाक्यही गेलं का?

पायतपासनीस
गेलं :) दुखणं हे नवेपणाचं लक्षण आहे. ताकद वाढते आहे का, हे उचललेल्या वजनावरून, चढलेल्या जिन्यांवरून कळतं.

चकोरी
खूप छान समजावलंत. एक विचारू? तळ गोल असल्यामुळे पोटरीला जास्त काम पडतं असं खोक्यावरच्या चित्रात बाणांनी दाखवलंय. ते तरी बरोबर आहे का?

पायतपासनीस
गोल तळाचं काम बऱ्याच अंशी उलट आहे. पाऊल पुढे टाकताना आपण शेवटी चवड्यावर येऊन जमिनीला रेटा देतो, तेव्हा पोटरी जोर लावते आणि बोटांचे सांधे वाकतात. तळ गोल आणि कडक असला की पाऊल त्यावरून गडगडत पुढे जातं. बोटं कमी वाकतात, घोट्याला रेटा कमी द्यावा लागतो. चवड्यावरचा दाबही कमी होतो. म्हणूनच आम्ही हा तळ मुद्दाम वापरतो: अंगठ्याचा सांधा झिजून ताठ झालेल्यांसाठी, आणि मधुमेहात चवड्याखाली जखम होऊ नये म्हणून बनवलेल्या पादत्राणांत. तिथे हा तळ खरंच कामाचा आहे, कारण तो पावलाचं काम *कमी* करतो. त्याच आकाराला 'जास्त मेहनत करून घेणारा' म्हणून विकलं गेलं, याची मला चीड येते. उपचाराची एक चांगली गोष्ट त्यामुळे नाहक बदनाम झाली.

मैलाचा_दगड
हे वाचून एक गंमत लक्षात आली. मी धावतो. नायकीचे व्हेपरफ्लाय २०१७ मध्ये आले, त्यांचाही तळ जाड आणि पुढे वळलेला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या प्रयोगात धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी वाचली. त्यात मोठा वाटा तळातल्या हलक्या, उसळणाऱ्या फोमचा. पण बघा, एक जाड गोल तळ मेहनत वाचवतो म्हणून विकला जातो आणि दुसरा मेहनत वाढवतो म्हणून.

शंखपुष्पी
पण मैलाचा_दगड, टोनिंग शूज वजनदार असतात. वजनामुळे तरी कॅलरी जास्त जळत असतील की नाही?

मैलाचा_दगड
जळतात, पण किती ते बघा. धावण्यावरच्या प्रयोगांत दर बुटामागे १०० ग्रॅम वजन वाढलं की ऊर्जा साधारण १ टक्का जास्त लागते. चालण्याला तोच हिशेब लावला, आणि बूट नेहमीपेक्षा ३०० ग्रॅम जड धरला, तर ३ टक्के. ज्या फेरीत २०० कॅलरी जळतात तिथे ६ जास्त. कोपऱ्यावरून वळण्याऐवजी थोडं पुढे जाऊन परत आलात की तेवढं झालं, आणि पायही भरून येत नाहीत.

दवबिंदू
बहिणीला हा हिशेब पाठवला. तिचं उत्तर: 'उंची तरी वाढते ना?'

बोरूबहाद्दर
थोडा इतिहास, कारण सगळ्यांची सुरुवात रिबॉकपासून धरली गेली आहे. हा प्रकार त्याआधीचा आहे. कार्ल म्युलर नावाच्या स्विस अभियंत्याने १९९६ मध्ये एमबीटी बूट आणले. एमबीटी म्हणजे मसाई बेअरफूट टेक्नॉलॉजी. त्याला पाठीचा त्रास होता आणि कोरियात भाताच्या खाचरांतल्या मऊ मातीवर अनवाणी चालल्यावर बरं वाटलं, ही त्या बुटाची जन्मकथा म्हणून सांगितली जाते. तेव्हा भर होता तो पाठ, गुडघे आणि चालण्याच्या ढबीवर. मोठ्या कंपन्या उतरल्यावर रोख वळला मांड्या आणि नितंबांकडे, आणि जाहिराती जवळजवळ सगळ्या बायकांना उद्देशून झाल्या. मूळ कल्पना निदान एका दुखण्यातून आली होती. नंतर बाईच्या शरीराबद्दलची खंत विकली गेली, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

गुलबक्षी
बोरूबहाद्दर, शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा. बूट मला आवडतात, त्या जाहिराती नाही. पण पाठ-गुडघ्यांवर काही अभ्यास झालेत का? माझा फायदा तिथलाच आहे.

पायतपासनीस
झालेत. कॅलगरी विद्यापीठातल्या बेन्नो निग यांच्या गटाने एमबीटीवर बरंच काम केलंय. गुडघ्याच्या संधिवातावरच्या त्यांच्या २००६ च्या अभ्यासात हे बूट घालणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, पण तुलनेसाठी चांगले साधे चालण्याचे बूट घेतलेल्या गटाचंही कमी झालं. पुढे त्यांनी हे बूट घालून नुसतं उभं राहण्यावरही प्रयोग केला. त्यात शरीर जास्त डुललं, आणि पावलाला आधार देणारे घोट्याभोवतीचे काही लहान स्नायू जास्त काम करताना दिसले. म्हणजे परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण तो लहान स्नायूंवरचा आहे, आणि खोक्यावर मोठ्या स्नायूंची नावं आहेत.

तुमचे बूट तुम्हाला मानवले असतील आणि तोल जात नसेल, तर वापरा. माझी हरकत नाही.

गुलबक्षी
धन्यवाद. हे उत्तर मला पटलं. बूट सोडणार नाही, पण श्रेय अर्धं चालण्याला देते.

वाटसरू
अर्धं?

गुलबक्षी
पाऊण. यापुढे घासाघीस नाही.

रानजाई
धागा उशिरा पाहिला. इथे तोल जाण्याबद्दल फक्त ओझरतं आलंय, म्हणून लिहिते. माझी मावशी असेच बूट घालून चालत होती, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. फुटपाथवरून उतरताना अर्धं पाऊल कडेवर पडलं, अर्धं हवेत. साध्या बुटात माणूस सावरतो. इथे जाड तळ आतल्या बाजूला कलंडला आणि घोटा पूर्ण मुरडला. तो जाड तळ असल्यामुळे खालची जमीन पायाला कळतच नाही, असं ती नंतर म्हणाली. हाड मोडलं नाही, पण बरेच दिवस पाय बांधून घरात बसावं लागलं. पंचवीस-तिशीतल्या बाईला ट्रेडमिलवर काही झालं नाही म्हणून साठीच्या बाईला उंचसखल रस्त्यावर काही होणार नाही, असं धरून चालू नका.

चकोरी
रानजाई, बरं झालं लिहिलंत. खरं तर मी पुढचा प्रश्न हाच विचारणार होते. माझ्या सासूबाईंना हे बूट फार आवडलेत. वय ७०. 'तुला नको असतील तर मी घालते, पाय मजबूत होतील' म्हणतात. गुडघे ठीक आहेत, पण अंधारात किंवा जिन्यावर जरा चाचपडतात. पायतपासनीसताई, काय सांगू त्यांना?

पायतपासनीस
चकोरी, त्यांना हे बूट देऊ नका. मी एवढ्या स्पष्ट शब्दांत सहसा लिहीत नाही, पण इथे लिहिते. जिन्यावर चाचपडणं म्हणजे तोल किंवा नजर, किंवा दोन्ही, आधीच कमी पडतंय. अशा पायाखाली मुद्दाम डुलणारा तळ ठेवायचा नाही. पावलाला खालची पायरी कळायला हवी.

तोल सुधारायचा व्यायाम असतो, तो उपयोगी आहे आणि त्यांच्या वयाला तर हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेत, चालणं वेगळं. फरक असा की व्यायामात तोल घालवायचा तो हाताशी आधार असताना, आपल्या मर्जीने, थोडा वेळ. रस्त्यावर, गाड्यांच्या मध्ये, नकळत नाही.

मैलाचा_दगड
+१. आणि त्यांची नजर तपासून घ्या, हे राहू नये.

शंखपुष्पी
मग चकोरीने स्वतः काय करावं? मूळ प्रश्न तिचा होता. चालणं आहेच, पण मांड्या-नितंबांसाठी काय?

पायतपासनीस
चकोरी, तुमचं चालणं चालू ठेवा, थोडं भरभर. आठवड्याला १५० मिनिटं तरी व्हायला हवीत. मधे चढ किंवा जिना येईल असा रस्ता निवडा, कारण नितंबांचा मोठा स्नायू खऱ्या अर्थाने जागा होतो तो चढताना आणि बसून उठताना. सपाटीवर नाही. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं. सोपं वाटायला लागलं की संख्या वाढवा, मग पाठीवर सामानाची पिशवी घ्या. खोक्यावर ज्या तीन स्नायूंची नावं आहेत त्या तिघांनाही यात भार मिळतो, आणि तो वाढवत नेता येतो. बुटाचा तळ वाढवता येत नाही.

टिवल्याबावल्या
वाढवता येतो, दवबिंदूच्या बहिणीला विचारा.

चकोरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. चालायला माझे जुने साधे बूट, आणि व्यायाम आजपासून सासूबाई आणि मी दोघी बरोबर करणार. त्यांना 'बूट नाही, पण पाय मजबूत करायचा कार्यक्रम आहे' म्हटल्यावर लगेच तयार झाल्या. त्यांनी खुर्चीवरून उठणं-बसणं कसं सुरू करावं? किती वेळा?

पायतपासनीस
दोघी बरोबर करताय हे फार छान. त्यांच्यासाठी हात असलेली, चाकं नसलेली, जरा उंच खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. पायात घसरणार नाही असं पातळ तळाचं काहीतरी, किंवा अनवाणी. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. छाती पुढे नेत उठायचं, क्षणभर स्थिर उभं राहायचं, आणि बसताना धप्पकन न पडता सावकाश खाली यायचं. बसताना हळू येण्यातच जास्त मेहनत आहे. पाच-सहा वेळा करून विश्रांती, मग पुन्हा एकदा. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालेल, तो हळूहळू कमी करा. गुडघ्यात कळ आली किंवा चक्कर वाटली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पहिले काही दिवस तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या राहा.